अमळनेर तालुक्यातून जर्मन ए-१ : माझा अनुभव

बारावी सायन्सला इंग्रजी कुणालाच चुकत नाही, दुसरी भाषा मात्र चुकवता येते. तिच्या जागी आयटी घ्यायचं, नाहीतर बायफोकलला, म्हणजे व्यावसायिक विषयाला, कॉम्प्युटर सायन्स. २०० मार्कांचा एक विषय घेतला की भाषेचं झंझट संपलं. आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी तेच केलं. मी अकरावीच्या प्रवेशाला गेले ती खिडकीवर जर्मन मिळेल का, हे विचारायला.

हे डोक्यात शिरलं दहावीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर असे लोक तिकडे हवेत, आणि त्यासाठी आधी जर्मन शिकावं लागेल, अशा बातम्या आल्या. मला नर्सिंगलाच जायचं होतं. बोर्डाच्या यादीत जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियन सगळं आहे. पण यादीत असून काय उपयोग, शिकवायला माणूस पाहिजे आणि तुकडी भरेल इतकी पोरं पाहिजेत. खिडकीतले काका म्हणाले, "बेटा, आपल्याकडे मराठी, हिंदी नाहीतर आयटी. जर्मन पाहिजे तर पुण्याला जा." मी मराठी लिहून फॉर्म दिला आणि जर्मन बाहेरून करायचं ठरवलं. त्यातली सगळ्यात पहिली पायरी म्हणजे ए-१ ची परीक्षा.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. आबांनी ऐकलं आणि म्हणाले, "इंग्रजी धड येत नही तुले, आनि जर्मन काबरं शिकी राह्यनी?" प्रश्न रास्त होता. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे मी दहा वर्षं ती भाषा शिकले होते. दहावीला मार्कही चांगले पडले. पण बोलायला सांगितलं तर "माय नेम इज" च्या पुढे गाडी नाही. त्याचं कारणही उघड आहे. सर एक ओळ वाचायचे, तिचा मराठीत अर्थ सांगायचे, आम्ही ओळीच्या वर पेन्सिलने अर्थ लिहायचो. कविता असो की धडा, हेच. परीक्षेआधी २१ अपेक्षित. ८० मार्क लेखी, २० तोंडी, आणि त्या तोंडीलाही वही तपासून मार्क पडायचे.

बारावीच्या इंग्रजीत तर गंमतच आहे. ग्रुप डिस्कशनवर प्रश्न येतो. चार जण एका विषयावर बोलतायत असं समजायचं आणि चौघांचेही संवाद आपणच कागदावर लिहायचे. मुलाखतीचं तेच, ती कुणी घेत नाही, प्रश्न आपण लिहून काढायचे. वर्ग चिडीचूप, आणि पानावर चौघे तावातावाने वाद घालतायत. मला हा प्रश्न फार आवडायचा, मार्क हमखास मिळायचे. पण बोलायची भीती त्याने एका पैशाने कमी होत नाही.

जर्मनचा क्लास ऑनलाइन होता, शिकवणाऱ्या ताई पुण्याच्या. संध्याकाळची बॅच. आमच्याकडे नेटवर्क फक्त धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर येतं, म्हणून मी शिडी लावून वर चढायचे. पहिल्याच तासाला ताईंनी पुस्तक उघडू दिलं नाही. आपलं नाव, गाव, वय, सगळं तोंडाने. एकेकाला माइक सुरू करायला लावायच्या आणि चुकलं तरी वाक्य पुरं होऊ द्यायच्या. शेजारची काकू मायला विचारून गेली, पोरगी वर एकटीच काय बडबडते म्हणून.

व्याकरणाची सगळे भीती घालतात. तीन लिंगं आहेत, डेर, डी, दास, प्रत्येक नामासोबत पाठ करावं लागतं. ते खरं आहे, पण टेबलाला लिंग असतं हेच ज्यांना पटत नाही त्यांना जास्त जड जातं. आपण तीन लिंगांतच वाढलोय. फक्त आपली आणि त्यांची जुळत नाहीत. टेबल तिकडे पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी, खिडकी नपुंसकलिंगी. "मला जर्मन शिकायचंय" हे त्यांच्यात सांगताना "शिकणं" वाक्याच्या शेवटी जातं, तेही आपल्याला परकं नाही. तेवीस म्हणताना तेही तीन आधी घेतात आणि वीस नंतर. इंग्रजी माध्यमाची मुलं तिथे अडखळायची, मी नाही. मला छळलं ते घड्याळाने. साडेसात वाजले हे ते "हाल्ब आख्ट" म्हणजे आठाचा अर्धा असं सांगतात. ऐकताना आठ कानावर पडतं आणि हात साडेआठवर खूण करायला जातो.

क्लासशिवाय दोन गोष्टी खूप कामाला आल्या, दोन्ही फुकट. डॉइचे वेले ही तिकडची प्रसारण संस्था, तिच्या साइटवर अगदी पहिल्या पायरीपासूनचे व्हिडिओ धडे आहेत. आणि परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर नमुना प्रश्नपत्रिका ऑडिओसकट मिळतात. महागडं पुस्तक घ्यायच्या आधी हे बघा.

नाव नोंदवताना दोन गोष्टी जपायच्या. एक, सोळाच्या आतल्यांसाठी ए-१ चा वेगळा पेपर असतो, सोळा आणि पुढच्यांसाठी वेगळा. दुसरं म्हणजे नाव. आपल्या दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं. फॉर्मवर आडनाव आणि नाव यांचे वेगवेगळे रकाने असतात. ओळखपत्रावर जसं आहे तसंच भरा, सर्टिफिकेटवर तेच छापून येतं. आणि पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात (गोएथे इन्स्टिट्यूटचं आपल्याकडचं नाव) जागा लवकर भरतात, तेव्हा तारखा जाहीर व्हायची वाट बघत लक्ष ठेवावं लागतं.

आबा सोबत आले, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. परीक्षा तशी लहान आहे. ऐकणं २० मिनिटं, वाचन २५, लेखन २०, मग तोंडी पंधराएक मिनिटं. ऐकण्याचे तीन भाग असतात. पहिला आणि तिसरा दोनदा ऐकवतात, मधला मात्र एकदाच, आणि नेमक्या त्यातच स्टेशनवरच्या किंवा दुकानातल्या घोषणा असतात. भुसावळच्या फलाटावर गर्दीत गाडीचा नंबर पकडायची सवय असलेल्याला ते तितकंसं अवघड नाही. लेखनात एक फॉर्म भरायचा आणि तीसेक शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा. माझे मार्क तिथेच गेले.

तोंडी गटात होते. आमच्या गटात बाकीचे शहरातले, फाडफाड इंग्रजी बोलणारे. समोर कार्डं ठेवतात, नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद, आणि त्यावरून आपली ओळख करून द्यायची. सरावात मी भाषांमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी म्हणायचे. ताईंनी एकदा टोकलं होतं, "घरी जे बोलतेस ते कुठे गेलं?" त्या दिवशी मी अहिराणीपासून सुरुवात केली. परीक्षक बाईंनी मान हलवली आणि गावाच्या नावाचं स्पेलिंग सांगायला लावलं. इथे पोरं पडतात. इंग्रजीत ज्या अक्षराला आपण "ई" म्हणतो ते जर्मनमध्ये "ए", आणि इंग्रजीतलं "आय" तिकडे "ई". मी सावकाश म्हटलं, "आ, एम, आ, एल, एन, ए, एर." मग खाण्यापिण्याचं कार्ड आलं. शेजारच्याने विचारलं, नाश्त्याला काय खातेस. घरी कळण्याची भाकरी खाते, पण तिथे मी ब्रेड आणि अंडं म्हणून मोकळी झाले. भाकरीचं जर्मन कुणी शिकवलं नव्हतं.

१०० पैकी ६० लागतात, मला त्याहून बरेच जास्त मिळाले. निकाल ऑनलाइन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रॅक्टिकलला होते.

पण ए-१ ने नोकरी मिळत नाही, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. नर्स म्हणून तिकडे मान्यता मिळवायची तर साधारणपणे बी-२ लागतं, म्हणजे ए-२, बी-१ आणि मग ते. क्लासच्या जाहिरातीत ही मधली वाट दाखवत नाहीत. करिअरसाठी करत असाल तर पैसा आणि वेळ तेवढा धरूनच सुरुवात करा.

माझा जास्त फायदा इंग्रजीत झाला. बारावीत मी इंग्रजीचा धडा आधी मोठ्याने वाचायला लागले, स्वतःचा आवाज मोबाइलमध्ये भरून ऐकायचा आणि मगच अर्थ बघायचा. तोंडी परीक्षेच्या वेळी मी सरांना म्हटलं, मला दोन मिनिटं बोलू द्या. सर जरा गडबडले, कारण मागे अख्खा वर्ग वह्या घेऊन रांगेत उभा होता. तरी त्यांनी ऐकलं. केळीच्या बागेवर बोलले, मधे दोनदा अडकले, पुढे गेले. माझ्यामागच्या दोन मुलींनीही मग वह्या बाजूला ठेवल्या.

आता नर्सिंगच्या सीईटीची तयारी आणि ए-२ दोन्ही सोबत चालू आहे. ए-२ ला एकटी नाही, त्या दोघींपैकी एक आहे बरोबर. ताईंनी तिच्याकडून निम्मीच फी घेतली.