सेल बुडतोय की सुकतोय?

ऐरोलीच्या आमच्या लॅबमध्ये एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी मी 25 चौरस सेंटिमीटरचा एकच फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून वीज बनवणारा सेल, चालवत होते. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, दोन्ही बबलरमधून, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातून बुडबुडे काढत, ओलसर केलेले. सेलही 70 अंशांवर, बबलरही 70 वर. मधला नॅफिऑन नावाच्या प्लास्टिकचा पडदा ओला असेल तरच त्यातून प्रोटॉन नीट जातात, म्हणून ही सगळी बडदास्त.

साडेबारा अँपिअर घेतले आणि व्होल्टेज नाचायला लागलं. 0.62 वरून धाडकन 0.45, काही सेकंदांत पुन्हा वर. हवेच्या वाटेत पाणी अडत होतं, हे उघड होतं. पाणी जास्त झालंय तर कमी करू, म्हणून मी बबलर 50 वर आणले. नाचणं कमी झालं, पण आता व्होल्टेज मुंगीच्या पावलांनी उतरू लागलं. मिलिओहम मीटर लावला, तर रोध जवळपास दुप्पट. साहजिकच होतं ते: 50 अंशांवर ओलसर झालेली हवा 70 अंशांच्या सेलमध्ये शिरली की तिची सापेक्ष आर्द्रता उरते जेमतेम 40 टक्के. पडदा सुकत होता.

तीन दिवस हेच. तापमान वाढवलं की बुडायचा, उतरवलं की सुकायचा. ठाण्याच्या गाडीत उभ्याउभ्यासुद्धा माझ्या डोक्यात तोच आलेख.

चौथ्या दिवशी लॅबमधले काका गॅसची जोडणी तपासताना म्हणाले, "मॅडम, ही नळी किती गार लागतेय बघा."

बबलरपासून सेलपर्यंतची दीड फुटाची नळी, आणि बरोबर तिच्यावर एसीचा झोत! टॉर्च मारला. आत थेंब धरत होते, एकात एक मिसळत होते, आणि नळी भरली की पाण्याचा एक घोट सरळ सेलमध्ये ढकलला जात होता. एवढ्या करंटला सेल स्वतः तासाला फक्त 4 ग्रॅमच्या आसपास पाणी बनवतो. त्याच्यावर उगाच आळ घेतला होता मी.

नळीला हीटिंग टेप गुंडाळून 80 अंशांवर ठेवली, वरून ग्लासवूल. बबलर 65 वर, म्हणजे सेलमध्ये 80 टक्के आर्द्रता. संध्याकाळपर्यंत व्होल्टेज 0.64 वर ठाम. किती बरं वाटलं ती सरळ रेघ बघून!

आता दहा सेलचा स्टॅक, म्हणजे एकाला एक लावून रचलेली चळत, जोडतेय. त्यात कडेचे सेल मधल्यांपेक्षा थंड राहतात, पाणी आधी तिथेच साचतं. त्या दोघांच्या व्होल्टेजच्या तारा मी आधीच वेगळ्या काढून ठेवल्यात.