अंगठा गायब!

डावा डोळा मिटा. दोन्ही हात समोर ताठ करून अंगठे शेजारीशेजारी उभे धरा. आता उजव्या डोळ्याने डाव्या अंगठ्याच्या नखाकडे टक लावून बघत उजवा अंगठा हळूहळू उजवीकडे न्या. नजर हलवायची नाही, सगळी मेख तिथेच आहे. वीतभर अंतर व्हायच्या थोडं आधी उजव्या अंगठ्याचं टोक नाहीसं होतं. काळं पडत नाही, धूसरही होत नाही, नसतंच. आणखी पुढे नेलं की मुकाट्याने परत येतं. या खेळाचा मला भारी नाद आहे. लांबलेल्या सभांमध्ये एक डोळा मिटून, चेहरा गंभीर ठेवून मी वक्त्यांची मुंडकी उडवत बसतो.

या गंमतीचं कारण डोळ्याच्या बांधणीत आहे. दृष्टिपटलावरून, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यावरून, निघणारे दहा लाखांच्या आसपास मज्जातंतू पटलाच्या आतल्या अंगाने येतात, एका जागी गोळा होतात आणि तिथूनच पटलाला भोक पाडून मेंदूकडे निघतात. त्या जागी प्रकाश टिपणारी एकही पेशी मावत नाही. हा अंधबिंदू. फ्रान्सच्या एद्म मारिओत यांनी तो १६६०च्या दशकात शोधला. बिंदू आपला नावापुरता, कारण पौर्णिमेचे आठ-दहा चंद्र ओळीने त्यात सहज गडप होतील. ऑक्टोपसचे तंतू पटलाच्या मागच्या बाजूने निघतात, त्यामुळे त्याला ही भानगडच नाही.

मला मात्र या भोकापेक्षा ते न दिसण्याचं नवल जास्त वाटतं. दोन्ही डोळे उघडे असले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो, हे ठीक. पण एक डोळा मिटल्यावर तरी समोर भगदाड दिसायला हवं ना? तेही दिसत नाही. मेंदू आजूबाजूला काय आहे ते बघतो आणि तेच मधे पसरून देतो. मागे पांढरी भिंत असेल तर अंगठ्याच्या जागी पांढरी भिंत. भिंतीवर रेघ असेल तर तीसुद्धा अखंड. विचारायची सोय नाही.

तसंही आपल्याला स्पष्ट दिसतं ते फारच थोडं. हात लांब केल्यावर अंगठा जेवढा रुंद दिसतो, जेमतेम तेवढाच तुकडा एका वेळी नीट उमटतो. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीनदा उड्या मारत दृश्य गोळा करतात. या उड्यांमध्ये जग फरफटत गेल्यासारखं दिसायला हवं, पण उडी चालू असताना मेंदू बघण्याचं काम जवळजवळ बंदच ठेवतो. खात्री करायची तर आरशासमोर उभं राहून आधी आपल्या एका डोळ्यात बघा, मग दुसऱ्यात. डोळे हलताना दिसणार नाहीत, कितीही पटकन बघा. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्वच्छ हलताना दिसतात. स्वतःच्या डोळ्यांची हालचाल आपल्यालाच बघता येऊ नये, हे जरा अतीच आहे.

आता, बंद ठेवलेल्या त्या क्षणांचं काय होतं? टिकटिक करत सरकणारा सेकंदकाटा असलेल्या घड्याळाकडे एकदम नजर टाकून बघा. पहिला सेकंद उगाच लांबल्यासारखा वाटतो. मेंदूने नजरेच्या उडीत गेलेला वेळ कोरा सोडलेला नसतो. उडी संपल्यावर काटा जिथे दिसला, तिथेच तो आधीपासून होता, अशी मागच्या तारखेने नोंद करून टाकलेली असते. त्यामुळे सेल संपला की काय, अशी शंका येते न येते तोच काटा पुढे सरकतो.