इम्प्लांटचे आटे आणि पहिला फोटो

"दुखत तं नाही, मंग फोटो कायले?" इम्प्लांटला, म्हणजे दाताच्या जागी हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूला, वर्ष झालं की तपासणीला बोलावलेला माणूस, यवतमाळचा असो की गडचिरोलीचा, हेच विचारतो. प्रश्न रास्त आहे. पण इम्प्लांटला दातासारखी नस नसते आणि मुळाभोवती असतं तसं संवेदनशील आवरणही नसतं. त्यामुळे भोवतालचं हाड बरंच झिजलं तरी दुखेलच असं नाही. हाड एक्स-रेतच दिसतं, आणि ते झिजलं की नाही हे जुना फोटो शेजारी ठेवल्यावरच कळतं.

स्क्रू बसवला त्या दिवशीचा एक फोटो आणि वर पक्की कॅप बसली त्या दिवशीचा दुसरा, एवढे तरी हवेतच. यातला कॅपच्या दिवसाचा फोटो जास्त मोलाचा, कारण पुढची सगळी तुलना त्याच्याशी होते. कॅप नीट टेकली की मध्ये फट राहिली, हेही त्यात दिसतं. हिरडीखाली राहिलेलं, कॅप चिकटवायचं सिमेंट मात्र दिसेलच असं नाही. झिंक फॉस्फेट पांढरं उठून दिसतं, पण काही रेझिन सिमेंट एक्स-रेत जवळजवळ अदृश्य असतात. तिसरा फोटो वर्षाने काढायचा.

पहिल्या वर्षात इम्प्लांटच्या मानेजवळचं, म्हणजे हिरडीकडच्या टोकाजवळचं, हाड थोडं बसतं, त्याने घाबरायचं कारण नाही. 1986 पासून वापरात असलेला निकष असा, की पहिल्या वर्षानंतर झीज वर्षाला 0.2 मिलिमीटरपेक्षा कमी असावी. पण 0.2 मिलिमीटर हा फरक दोन फोटोंमध्ये मोजताच येत नाही, तेवढी चूक नुसत्या कोनामुळे होते. तो आकडा अनेक वर्षांच्या सरासरीसाठी आहे. एका वर्षाच्या फोटोवर तो लावून रोग्याला घाबरवू नये. 2017 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार सुरुवातीच्या थोड्या झिजेपलीकडे हाड आणखी खाली गेलं, हिरडीचा खिसा पूर्वीपेक्षा खोल झाला आणि तपासताना रक्त किंवा पू आला, तर तो हाडापर्यंत गेलेला आजार. रक्त येतं पण हाड जागच्या जागी आहे, तर फक्त हिरडीची सूज, आणि ती स्वच्छतेने उलटवता येते. म्हणजे नुसत्या फोटोवर निदान होत नाही. प्रोब, म्हणजे हिरडीच्या खिशाची खोली मोजायची बारीक सळई, साधारण 25 ग्रॅम दाबाने सहा जागी फिरवावाच लागतो.

आता फोटो कसा काढायचा. फोटो बरोबर आला की नाही हे इम्प्लांट स्वतःच सांगतो, त्याच्या आट्यांवरून. दोन्ही बाजूंचे आटे करवतीच्या दातांसारखे स्वच्छ दिसले तर किरणांचा वर-खाली कोन बरोबर. एका बाजूचे पुसट असतील तर कोन थोडा चुकला. दोन्हीकडचे पुसट असतील तर तो फोटो मोजायला निरुपयोगी, पुन्हा काढा. तोंडात ठेवायचा, चित्र टिपणारा सेन्सर रोग्याला बोटाने धरायला लावला की हे हमखास बिघडतं. होल्डर वापरा, सेन्सर दाताला चिकटवू नका, जिभेच्या बाजूला सरकवून इम्प्लांटला समांतर उभा राहू द्या आणि रोग्याला होल्डरचा ठोकळा नीट चावायला सांगा.

मोजायला पट्टीही इम्प्लांटचीच. समजा खरी लांबी 10 मिलिमीटर आहे आणि स्क्रीनवर ती 11.5 भरते. हाड मानेपासून 2.3 खाली दिसलं, तर 2.3 गुणिले 10 भागिले 11.5, म्हणजे खरी झीज 2 मिलिमीटर. म्हणूनच कंपनी, व्यास आणि लांबी लिहिलेलं कार्ड रोग्याकडे असायलाच हवं.

जिथे अजून फिल्म धुतात तिथे आपला उन्हाळा घात करतो. डेव्हलपर या फिल्म धुण्याच्या द्रावणात 20 अंशांना पाच मिनिटं लागतात, 27 अंशांना जेमतेम अडीच. अकोल्यात मे महिन्यात तेच द्रावण 35 च्या वर जातं. फिल्म काळी पडते, आट्यांच्या वरच्या टोकाचं पातळ हाड त्या काळेपणात नाहीसं होतं आणि झीज झाल्यासारखी वाटते. डेव्हलपरचं भांडं बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात ठेवा. बर्फ द्रावणात टाकू नका, ते पातळ होतं. फिक्सर (चित्र पक्कं करणारं द्रावण) आणि शेवटची धुलाई घाईने केली तर फिल्म काही वर्षांत तपकिरी होते, आणि पहिला फोटो तर वर्षानुवर्षं टिकायला हवा.

डिजिटलमध्ये वेगळी फसगत आहे. सॉफ्टवेअर चित्र धारदार करतं तेव्हा धातूच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते. ती पाहून इम्प्लांट हाडापासून सुटला असं वाटतं. फिल्टर काढून मूळ चित्र बघा. रेघ तरीही राहिली, इम्प्लांटच्या पूर्ण लांबीभर गेली आणि इम्प्लांट हलतोही, तर तो खरंच धरलेला नाही. हलणं मात्र आधी नीट पारखा, कारण बऱ्याचदा आतला स्क्रू ढिला होऊन फक्त कॅप हलत असते. मानेभोवती वाटीसारखा खड्डा दिसला तर संसर्गाचा संशय घ्यावा. फक्त टोकाशी काळं दिसलं तर शेजारच्या दाताचं मूळ तपासा, किंवा ड्रिल करताना हाड तापलं असेल.

खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. तोंड दोन बोटंही उघडत नसेल तर होल्डर आत जात नाही, तेव्हा ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा बाहेरून काढलेला एक्स-रेच काढावा लागतो. त्यात चित्र साधारण 20 ते 30 टक्के मोठं येऊ शकतं, म्हणून वरचा हिशेब इथे आणखी गरजेचा. समोरच्या दातांचा भाग मणक्याच्या सावलीने धूसर होतो, तिथल्या इम्प्लांटबद्दल ओपीजीवरून ठाम बोलू नये.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय स्कॅनसाठी तालुक्याहून बहुधा नागपूर किंवा अमरावती गाठावं लागतं, आणि नेहमीच्या तपासणीला तो लागत नाही. साध्या फोटोत हाड फक्त दोन बाजूंचं दिसतं, गालाकडचं नाही, हे खरं. पण स्कॅनमध्येही टायटॅनियमच्या कडेला काळे पट्टे येतात आणि एक मिलिमीटरपेक्षा पातळ हाड असूनही नसल्यासारखं दिसतं. ओठ बधिर झाला, इम्प्लांट सायनसमध्ये, म्हणजे वरच्या जबड्यावरच्या पोकळीत, शिरल्याची शंका आली किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल तर जरूर काढा. साध्या छोट्या फोटोचे किरण निसर्गातून एक-दोन दिवसांत मिळतात तेवढेच, स्कॅनचे त्याच्या कितीतरी पट.

फोटो व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून पाठवला की दाबला जातो आणि आटे पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घ्या. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो तुलनेला चालत नाही.

पहिला फोटो हरवला असेल तर? तेव्हा हाड इम्प्लांटच्या हाडातल्या भागाच्या वरच्या टोकापासून 3 मिलिमीटर किंवा जास्त खाली, प्रोबची खोली 6 किंवा जास्त आणि जोडीला रक्त किंवा पू, या तिन्ही गोष्टी मिळाल्या तर आजार धरतात. एवढं नसेल तर आजच्याच फोटोवर तारीख, इम्प्लांटची लांबी आणि कोणता होल्डर वापरला ते लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी म्हणा, त्याच होल्डरने पुढचा काढायचा.