कांतालेखो: दगडी दातांचा मळणीपाट बघायला निघालात तर

स्पेनमध्ये जुन्या खळ्यालगतच्या वावरात चकमकीची कपची सापडली आणि सोबतच्या माणसाने ती 'अश्मयुगातली' म्हणून तळहातावर ठेवली, तर लगेच भारावून जाऊ नका. ती बहुधा कुणाच्या तरी आजोबांच्या त्रियोतून गळलेला दात असते. त्रियो म्हणजे मळणीचा पाट: जाड फळ्या जोडलेल्या, पुढचं टोक घसरगाडीसारखं वर वळलेलं, पोटाला चकमकीच्या कपच्या ठोकलेल्या. साधारण दीड-दोन मीटर लांब, मीटरभर रुंद. रोमन लेखक वारोने दगडांनी खडबडीत केलेल्या अशाच फळीचं वर्णन केलंय, त्यामुळे विकणारे सर्रास 'रोमन' हा शब्द वापरतात. पद्धत रोमन काळातही होती, पण तुमच्या समोरचा नग बहुधा विसाव्या शतकातला असतो.

हे पाट बनवणारं नावाजलेलं गाव म्हणजे कांतालेखो, सेगोविया प्रांतात. माद्रिदच्या चामार्तीन स्टेशनहून वेगवान गाडीने अर्ध्या तासात सेगोविया. स्टेशन शहराबाहेर आहे, पायी जाण्याचा विचार सोडा. तिथून तुरेगानोवरून ईशान्येला पन्नासेक किलोमीटर. बसच्या भरवशावर जाऊन त्याच दिवशी परतण्याचा बेत असेल तर परतीची वेळ आधी बघा, नंतर गाव. सर्वात बरं म्हणजे भाड्याची गाडी. त्रियोचं संग्रहालय छोटं आहे. फोनवर वेळ पक्की केल्याशिवाय निघू नका. दुपारी दोन ते पाच या वेळात अशा गावात चिटपाखरू नसतं.

बघायचं काय? पाटाचं पोट. वरची बाजू म्हणजे नुसत्या फळ्या आणि त्यांना धरणारी आडवी लाकडं. लाकूड आसपासच्या पाइनच्या रानातलं. चकमक मात्र बाहेरची, ग्वादालाखारा प्रांतातून येणारी. आधी मोठ्या हातोड्याने गोटा फोडायचा, मग लहान हातोडीने कपच्या एका मापाच्या करायच्या, तीन-चार सेंटीमीटरच्या. पटाशीने फळीत अरुंद खाच पाडायची, कपची त्यात ठोकून बसवायची. ना डिंक, ना खिळा. लाकूडच तिला आवळून धरतं. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर धार बाहेर राहते. एका पाटाला असे शेकड्यांनी दात, मोठ्याला हजाराच्या वर.

दातांची दिशा नीट बघा, सगळी अक्कल तिथे आहे. धार पाट ज्या दिशेने ओढला जातो त्याच दिशेला, म्हणजे लाकडाच्या रेषेबरोबर. आडवी बसवली तर काडावर रेटा येऊन कपची तुटते किंवा उपटली जाते. पण रेषेबरोबरच्या खाचा एका ओळीत आल्या तर फळी उभी चिरते. म्हणून दात तिरकस सरकवत, एकाआड एक लावलेले असतात. त्याने पाटाखालचा एकही पट्टा कापल्यावाचून सुटत नाही. नंतरच्या पाटांत दगडांच्या रांगांमध्ये लोखंडी करवतीच्या पट्ट्याही दिसतात. तो खोटेपणा नव्हे, कामाचाच भाग आहे.

आता खरेदी. इथेच लोक नागवले जातात, त्यामुळे हा भाग दोनदा वाचा. जुन्या वस्तूंच्या दुकानात त्रियो उलटा टेकवून ठेवतात किंवा वर काच टाकून टेबल करतात. दोन्हीत पोट दिसतं, पण उजेड असा असतो की रिकाम्या खाचा कळत नाहीत. मोबाइलचा टॉर्च आडवा धरा. रिकाम्या खाचा मोजा. चौथा हिस्सा दात गळाले असतील तर तो अर्ध्या पाटाचा माल आहे, किंमतही तशीच बोला. मग चार-पाच दातांवरून बोट फिरवा. वापरलेल्या दाताची धार गोलसर झालेली असते, काडाच्या घासण्याने कडेला चकाकी येते आणि भिंगातून धारेला समांतर ओरखडे दिसतात. बोट कापेल इतकी करकरीत धार आणि भोवती ताजं पांढरं लाकूड दिसलं तर दात परवाच ठोकलाय. डागडुजी पूर्वीही व्हायची, तो गुन्हा नाही, पण तिचे 'अस्सल जुना' म्हणून पैसे देऊ नका. टोकाशी बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुगा असेल तर लाकडाला कीड लागलीय, सरळ निघा. आणि हे धूड विमानाच्या सामानात जात नाही. पाठवायचा खर्च पाटाहून जास्त लागू शकतो. माझं स्पष्ट मत: विकत घेऊ नका, फोटो काढा. वावरातून कपच्या उचलून आणणं त्याहून वाईट. जमिनीत सापडलेल्या पुरातन वस्तू खिशात घालायला तिथे कायद्याने मनाई आहे, आणि तुमची कपची जुनी की नवी हे अधिकाऱ्याला पटवत बसावं लागेल.

उन्हाळ्यात काही गावं मळणीचं प्रात्यक्षिक करतात. सकाळी नऊचं असेल तर जाऊ नका. दंवाने ओलसर झालेलं काड लवचिक असतं, दाताखाली दबतं पण तुटत नाही. खरी मळणी भर दुपारी, काड कडकड मोडायला लागल्यावर. पेंढ्या सोडून खळ्यावर गोल पसरतात, खेचरं फिरतात, हाकणारा पाटावर उभा किंवा बसलेला, वजन कमी पडलं तर दगड किंवा पोरं. काही फेऱ्यांनी सगळं काड दाताळ्याने उलथं करायचं, नाहीतर तळचं तसंच राहतं. एक माणूस खेचराच्या शेणासाठी डबा घेऊन तयार! आपल्याकडे तिवड्याला, म्हणजे खळ्याच्या मधल्या खांबाला, बांधलेल्या बैलांच्या खुरांनी दाणा सुटायचा. त्रियो दाणा सोडवतोच, शिवाय काड कापून बारीक करतो, म्हणजे वैरण तयार. आपल्या जुन्या माणसांनी ओल्पाड मळणीयंत्र पाहिलं असेल, ते लोखंडी चकत्यांचं. काम तेच.

पाटावर उभं राहू दिलं तर गुडघे सैल, एक पाय पुढे, लगाम घट्ट न ओढता. ताठ उभं राहणारा पहिल्या वळणालाच खाली येतो, आणि खाली धार आहे. बंद बूट, मास्क, डोक्याला रुमाल. भुशाची कुसं गळपट्टीत गेली की अंघोळ होईपर्यंत सुटका नाही. हे सगळं सोसूनही तो आवाज, हजार दातांखाली काड चिरडल्याचा, ऐकायलाच हवा.

संग्रहालयात माहितगार माणूस भेटला तर गासेरियाबद्दल विचारा. पाट विकत गावोगाव हिंडणाऱ्या कांतालेखोकरांची ही गुप्त बोली. तिच्यात पाट करणारा तो ब्रिकेरो. भाव करताना गिऱ्हाइकाला कळू नये म्हणूनच ती वापरायचे, हे दुकानात घासाघीस करताना आठवतं.

दुसऱ्या दिवसासाठी दुरातोन नदीची दरी जवळ आहे. छान आहे.