एम४ मॅकबुक एअर: पैसे कुठे घालावेत

ॲपलच्या एम४ चिपवर चालणाऱ्या, मार्च २०२५ मध्ये आलेल्या या लॅपटॉपमधली खरी मोलाची सुधारणा म्हणजे झाकण उघडं ठेवून दोन बाहेरचे मॉनिटर चालतात. आधीच्या एम३ मॉडेलमध्ये त्यासाठी झाकण मिटावं लागायचं, म्हणजे लॅपटॉपचा कीबोर्ड आणि कॅमेरा दोन्ही गेले! तरी तेवढ्यासाठी एम३ विकू नका. त्याहून जुन्या एम१ची ८ जीबी मेमरी (रॅम) अडखळत असेल, तर मात्र खुशाल घ्या. इथे सुरुवातच १६ जीबीपासून आहे. मेमरी नंतर वाढवता येत नाही, म्हणून जास्त लागणार असेल तर घेतानाच २४ घ्या. स्टोरेजचं तसं नाही. थंडरबोल्ट या वेगवान पोर्टला बाहेरची एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची डिस्क, जोडता येते. पंखा याही वेळी नाही, त्यामुळे लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना चिप तापली की वेग उतरतो.