लुगड्याचे लंगोट आणि वूचची दाई

बाळाला आज बारा दिवस झाले. पहिलं बाळंतपण माहेरी का नाही केलं म्हणून गावाकडून अजून फोन येतायत, तर एकदाच सांगते, ऐन कापूस वेचणीत आईला इकडे पोलंडला बोलवायचं कसं आणि आठवा महिना लागल्यावर मी विमानात बसायचं कसं? आणि इथे माझं काही वाईट झालं नाही. हां, बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात थंडगार ब्रेड आणि चीजचे दोन तुकडे आले तेव्हा डिंकाच्या लाडवाच्या आठवणीने रडले, ते खरंय.

पण इथली दाई घरी येते. पहिल्या दोन महिन्यांत निदान चार वेळा, एक पैसा न घेता. पोवोज्ना म्हणतात तिला. परवा ती आली तेव्हा मी बाळाला आजीच्या जुन्या लुगड्याचे लंगोट बांधत होते, आईने पार्सलने पाठवलेले. तिने एक हातात घेतला, बोटांनी चोळून बघितला आणि म्हणाली, आमच्या स्तानिस्वाव्हाच्या बायकांना एवढ्या कापडासाठी भाकर सोडावी लागली होती.

स्तानिस्वाव्हा लेश्चिन्स्का. जन्म 8 मे 1896, याच वूच शहरातला (आपल्या पेपरात लोड्झ छापतात), आणि 8 मेलाच इथे दाईंचा दिवस असतो. गरिबांच्या घरी जाऊन बाळंतपणं करायची. नाझींच्या काळात तिच्या घरच्यांनी ज्यूंना मदत केली म्हणून 1943 मध्ये पकडलं आणि लेकीसकट ऑशविट्झच्या छळछावणीत धाडलं. तिथे जन्मलेलं बाळ मारायचा हुकूम होता, तिने साफ नकार दिला. वरून पाण्याचा टिपूस नाही, औषध नाही, बराकीतल्या विटांच्या चुलाण्यावर बायका बाळंत व्हायच्या. बाळंतपण जवळ आलं की बाई आपल्या वाटणीचा पाव न खाता जपून ठेवायची आणि तो देऊन एक चादर मिळवायची, त्याच चादरीचे लंगोट आणि तीच दुपटी. स्तानिस्वाव्हाने स्वतः लिहिलंय की तिने 3000 च्या वर बाळंतपणं केली आणि तिच्या हातून ना आई गेली ना बाळ. नंतर मात्र बहुतेक लेकरं बुडवून मारली, नाहीतर थंडीने, उपासमारीने गेली. निळ्या डोळ्यांची काही जर्मनांनी उचलून नेली, तर आयांना पुढे ओळखता यावीत म्हणून ही गुपचूप त्यांच्या अंगावर खूण गोंदायची. छावणीतून जगून निघाली फक्त तीसेक. आता तिच्या अस्थी इथल्या मोठ्या चर्चमध्ये आहेत, लोक फुलं वाहतात.

पोवोज्ना घरी गेल्यावर मला आमच्या गावची दाई आठवली, घाटंजीकडची. मी तिच्याच हातची, माझे दोन्ही भाऊपण. मध्यरात्री कंदील घेऊन गेलं तरी लगेच निघायची, आडवं आलेलं पोर नुसत्या हाताने फिरवायची म्हणतात, आणि पाचवीला पायलीभर ज्वारी आणि चोळीचा खण घेऊन जायची. आतल्या खोलीत माझी नाळ कापणारी ती बाई, पण चहा मात्र ओसरीवर, तिचा कप वेगळा, बिनकानाचा, बाहेरच्या कोनाड्यात पालथा ठेवलेला. मी लहानपणी रोज बघायची तो. आजी वाईट नव्हती हो, पिढ्यान् पिढ्या तसंच चालत होतं, पण हे लिहिताना ते मला पटत नाहीये. इकडच्यांनी आपल्या दाईला चर्चमध्ये नेऊन ठेवलं, आम्ही आमचीला पायरीवर ठेवलं.

आता म्हणाल दोन्ही सारखं कसं, ती छावणी कुठे नि आपलं गाव कुठे. नाहीच सारखं. पण हात तर तेच ना.

काल आईला फोन केला. दाई जाऊन आठ-नऊ वर्षं झाली म्हणे, तिची सून अजून तिथेच राहते. म्हटलं आई, तिच्या घरी जा, बाळ झाल्याचे पेढे दे, आणि आत बसून तिच्या हातचा चहा पिऊन ये. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "जातो ना वं, कापूस निंगला का जातो."