क्राकोआत कावळा नाही

शनिवार, रात्री

‘एक्स-मेन’ या मार्व्हलच्या कॉमिकचा पहिला खंड आज फिरून घरी आला. एक कोपरा मुडपलाय आणि तिसऱ्या अंकाच्या पानांवर पिवळट बोटं उमटलीत. ती पिंपळगावची असणार. मामाकडे सगळ्यांनाच जेवताना वाचायची सवय. काही बोलणार नाही मी. आमच्यात कॉमिक विकत घेणारी मी एकटी, वाचणारे बरेच, आणि मतं वाचणाऱ्यांपेक्षाही जास्त.

जोनाथन हिकमनने लिहिलेली ही मालिका ऑक्टोबर २०१९मध्ये सुरू झाली. या खंडात अंक १ ते ६ आहेत. त्याआधीच्या उन्हाळ्यात ‘हाउस ऑफ एक्स’ आणि ‘पॉवर्स ऑफ एक्स’ या बारा अंकांच्या जोडकथेत त्याने सगळा पट मांडून ठेवला होता. म्यूटंट, म्हणजे जन्मजात अचाट शक्ती असलेली मंडळी, क्राकोआ नावाच्या जिवंत बेटावर आपलं राष्ट्र काढतात, माणसांना औषधं देऊन त्या बदल्यात जगाकडून मान्यता मिळवतात, आणि मरण रद्द करतात. हो, रद्दच. पाच म्यूटंट मिळून एक अंडं तयार करतात, त्यात मेलेल्याचं शरीर वाढतं, आणि प्रोफेसर झेवियर सेरेब्रो या यंत्रात साठवून ठेवलेलं त्याचं मन त्यात परत भरतो. वुल्व्हरिन मेला? काळजी नको, येईल.

ती जोडकथा आम्हा सगळ्यांनी आधाशासारखी वाचली होती आणि सगळ्यांचं मत एकच होतं. भांडणं लागली ती या खंडावर.

भाचीचं म्हणणं मी तिच्याच शब्दांत उतरवून ठेवते: “मावशी, मुखपृष्ठावर टीम आहे. आत टीम कुठेय?” बरोबर बोलते कार्टी. पहिल्या अंकात सायक्लॉप्स आणि त्याचं चंद्रावरचं घर. दुसऱ्यात तोच आपल्या दोन पोरांना घेऊन एका नव्या बेटावर जातो. तिसऱ्यात वनस्पतिशास्त्रज्ञ म्हाताऱ्या, चौथ्यात दावोसचं जेवण, पाचव्यात तिसरेच तिघं, सहाव्यात एकटी मिस्टिक. सहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिलेत आणि कोणाशी तरी लढताहेत, असं सबंध खंडात घडत नाही. ती आली ‘एक्स-मेन ’९७’ ही कार्टून मालिका बघून. तिथे दर भागात तीच टोळी, तीच चिडवाचिडवी, तीच प्रेमप्रकरणं. इथे तिला प्रत्येक अंकात नव्याने ओळख करून घ्यावी लागली.

मी तिला सांगितलं की पुढे २०२१मध्ये मार्व्हलने टीम निवडताना शेवटच्या जागेसाठी खरोखर वाचकांचं मतदान घेतलं, आणि पोलॅरिस निवडून आली. त्यावर ती म्हणाली, मग तोपर्यंत काय आचारसंहिता लागली होती का?

रविवार

सकाळी अंबडचा मित्र येऊन गेला. एमआयडीसीत क्वालिटीला आहे, त्यामुळे तो कॉमिकसुद्धा तपासून वाचतो. टॉम मुलरने मांडलेली ती माहितीची पानं, म्हणजे तक्ते, नकाशे, पत्रव्यवहार, भाचीने सरळ उलटून टाकली होती. यानं तीच आधी वाचली. चंद्रावरच्या घराचा प्लॅन त्याने मला बोट ठेवून दाखवला: मधली खोली जीन ग्रेची, एका अंगाला स्कॉटची म्हणजे सायक्लॉप्सची, दुसऱ्या अंगाला लोगनची म्हणजे वुल्व्हरिनची, आणि दारं दोन्हीकडे. “संवादात एक अक्षर नाही याबद्दल. ड्रॉइंगमध्ये सगळं आहे.” मी ते पान दोनदा वाचलं होतं आणि दारं मोजली नव्हती. त्याचा आवडता अंक चौथा. झेवियर आणि त्याचे एके काळचे शत्रू मॅग्नेटो व अपोकॅलिप्स दावोसला जागतिक अर्थकारण्यांसोबत जेवायला बसतात आणि मॅग्नेटो त्यांना शांतपणे सांगतो की आता आम्ही शहरं पाडणार नाही, तुमच्या बँका आणि शाळा विकत घेऊ. भिंतीपलीकडे मारामारी चालू असते, पण ती नसती तरी चाललं असतं. हे मलाही मान्य. काटे-चमच्यांच्या आवाजात इतका ताण क्वचित बघितलाय.

पाचव्या अंकावर मात्र तो चिडलाय. लॉरा, सिंक आणि डार्विन हे तीन म्यूटंट ‘व्हॉल्ट’ नावाच्या बंदिस्त जागेत शिरतात. आत काळ भलत्याच वेगाने धावतो. बाहेर महिने तर आत शतकं. ते शिरतात आणि अंक संपतो. पुढे काय झालं ते कळायला अंक १८ आणि १९ उजाडावे लागतात, म्हणजे २०२१. “अर्धवट माल पॅक करून पाठवलाय,” हे त्याचं अंतिम मत. मला वाटतं चालू मालिकेत हे व्हायचंच. महिन्याला अंक घेणाऱ्याला ती वाट बघणं हाच आनंद असतो. पण पाठीवर ‘खंड पहिला’ छापून पुस्तक म्हणून विकलं की वाचक पुस्तकासारखाच जाब विचारणार, आणि विचारावाच.

दुपारी नाशिकरोडला काकांकडे. बाबांचे मित्र, नोट प्रेसमधून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण छापील कागद हातात आला की आधी तिरपा धरून उजेडात बघतात. कथा त्यांना फारशी उमगली नाही, उमगावी असा हट्टही नव्हता. त्यांनी रेघा बघितल्या. चित्रकार लेनिल फ्रान्सिस यूचे चेहरे त्यांना कोरडे वाटले, “सगळे जण रागावल्यासारखे का बसलेत?” पण शाईचं काम बघून गप्प झाले. कपड्याची घडी कुठे जाड रेघेने, कुठे केसासारख्या रेघेने दाखवलीय, ते मला चष्मा लावायला लावून दाखवलं. पहिल्या अंकावरची ती शाई गेरी अलांगिलानची. यूसारखाच फिलिपिन्सचा. डिसेंबर २०१९मध्ये, मालिका नुकती सुरू झालेली असताना तो वारला. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी ते पान परत उघडलं आणि बराच वेळ बंद केलं नाही. रंग सनी घोचे, तो इंडोनेशियाचा, म्हणजे आपल्याच खंडातला, हे ऐकून मात्र खूश झाले.

मग विषय मरणावर आला. काका वेताळावर, म्हणजे फँटमवर, वाढलेले. इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक अजून त्यांच्या माळ्यावर आहेत. त्यांचा मुद्दा असा, की वेताळ अमर आहे असं जंगलाला वाटतं, वाचकाला नाही. वाचकाला ठाऊक असतं की बाप मरतो, मुलगा मुखवटा चढवतो, आणि आत्ताचा एकविसावा आहे. म्हणून गोळी सुटली की वाचकाचा जीव वर-खाली होतो. “इथे मात्र सगळ्यांना कळलंय की कोणी मरत नाही. मग वाचायचं कशासाठी, पोरी?”

काकांशी वाद घालायचा नसतो, चहा घ्यायचा असतो. पण बसमध्ये मनातल्या मनात घातला. सुपरहिरोंच्या मरणावर वाचकाचा विश्वास उरलाच कुठे होता? जीन ग्रे १९८०मध्ये मेली. ते मरणसुद्धा आधी ठरलं नव्हतं. लेखक-चित्रकारांनी तिची शक्ती तेवढी काढून घ्यायचं ठरवलं होतं, पण गोष्टीत तिने अख्खा ग्रह संपवलाय, शिक्षा एवढी हलकी कशी, असं म्हणून संपादकाने शेवट बदलायला लावला. वाचक हळहळले. १९८६मध्ये ती परत आली. तेव्हापासून प्रत्येक अंत्यविधीला वाचक परतीचं तिकीट खिशात ठेवूनच जातो. हिकमनने एवढंच केलं, की जे सगळे चोरून करत होते त्याचं खातं उघडलं आणि कारकून नेमले.

मंगळवार

आज ऑफिसातून परस्पर पंचवटीत. पितृपक्ष चालू असल्याने रामकुंडाच्या बाजूला पाय ठेवायला जागा नाही. बाहेरगावच्या गाड्या अगदी मालेगाव स्टँडपर्यंत. शाळेतला मित्र तिथेच राहतो. त्याचं स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं काम, पण घराणं गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, विधी सांगणारं, आणि या पंधरवड्यात चुलत्यांच्या हाताखाली तोही उभा असतो. खंड त्यानेच शेवटी वाचला होता आणि मला देताना नुसतं म्हणाला होता, “सहावा. बाकीचं सोड, सहावा.” आज त्याला बोलतं केलं.

सहाव्या अंकात मिस्टिकला ऑर्किसच्या अंतराळ-तळावर पाठवतात. तिथे माणसं म्यूटंटांच्या नाशाची तयारी करताहेत. तिने क्राकोआचं फूल लावून बेटावरून थेट तिथे येण्याचं दार उघडायचं आणि काय बनतंय ते बघून यायचं. मोबदल्यात तिला एकच हवंय: डेस्टिनी. तिची बायको, आंधळी, भविष्य बघणारी. जुन्या अंकांत ती १९८९मध्ये मेली. क्राकोआत सगळे परत येतात, मेलेले शत्रूसुद्धा येतात, हिला मात्र आणत नाहीत. कारण झेवियर आणि मॅग्नेटोने पडद्यामागून बेटाचा बेत आखणाऱ्या मॉयराला शब्द दिलाय, की भविष्य दिसणारं कोणीही या बेटावर जन्माला घालायचं नाही. मिस्टिकला हे कारण सांगत नाहीत. तिला दर वेळी पुढचं काम सांगतात.

मित्र म्हणाला, “अगं, दहाव्याला कावळा शिवत नाही तेव्हा काय करतात, बघितलंयस ना? आत्म्याचं काहीतरी राहिलेलं असतं. मग घरचे एकेक जण पिंडापुढे हात जोडून कबूल करतात. धाकटीचं लग्न करून देऊ. आईला अंतर देणार नाही. जमिनीचं भांडण मिटवू. तेवढं ऐकल्यावर येतो कधी कधी. नाहीच आला, ऊन चढलं, लोकांना गाड्या गाठायच्या असल्या, की चुलते दर्भाचा कावळा करून शिववतात आणि मोकळे होतात. झेवियरने तेच चालवलंय. त्या बाईला दर वेळी दर्भाचा कावळा.”

मी विचारलं, पण इथे राहिलंय ते जिवंत बाईचं, मेलेलीचं नाही.

“तुला काय वाटतं, कावळ्याची वाट बघणाऱ्यांचं काही राहिलेलं नसतं?”

यावर मी गप्प. तो रोज बघतो, मी बघत नाही.

मग त्याने आणखी एक गोष्ट काढली, जी मला आत्ता लिहितानाही महत्त्वाची वाटतेय. त्याच्या मते या मालिकेत भीती कमी झालेली नाही, तिची जागा बदललीय. पूर्वी शत्रूची भीती होती, आता यादी ठेवणाऱ्यांची. कोणाला आधी आणायचं, कोणाला नंतर, कोणाला कधीच नाही, हे दोन-तीन माणसं बंद खोलीत ठरवतात. मरण सगळ्यांना सारखं होतं. हे नाही. आणि तरी हिकमनने पाच अंक आपल्याला फुलं, समुद्र, पार्ट्या दाखवून त्या खोलीचा विसर पाडला, म्हणून सहावा लागतो.

हे ऐकल्यावर भाचीच्या तक्रारीकडेही मला वेगळं बघावंसं वाटलं. टीम नाही, हे खरंच आहे. पण हे बेट म्हणजे टीम असा दावा करणारी गोष्ट, आणि शेवटच्या अंकात एकच बाई त्या टीमच्या बाहेर उभी. ती मेली तरी तिला परत आणतील, पुन्हा पुन्हा आणतील, कामाची आहे. पहिल्या दोन अंकांचं ढिलेपण यामुळे माफ होत नाही. पहिला अंक तर मला पहिल्या वाचनापासून पसरट वाटत आलाय, अजूनही वाटतो. दुसरा आवडतो तो केवळ त्या पोरांमुळे: दोघं वेगवेगळ्या भविष्यकाळांतून आलेली, आणि बापाला सहलीची भारी हौस.

पुढे मिस्टिक काय करते ते मला ठाऊक आहे. त्याला सांगितलं नाही. सांगून टाक असा चेहरा करून बसला होता, म्हणून उठलेच.

गुरुवार

मामेभावाचा फोन. ऑक्टोबर छाटणी तोंडावर, मजूर मिळत नाहीत, तरी कॉमिकबद्दल पहिलं वाक्य: “ताई, त्या म्हाताऱ्या परत येतात का गं?” तिसऱ्या अंकातल्या हॉर्डकल्चरच्या बायका. क्राकोआची औषधी फुलं पिकतात त्या शेतावर येऊन त्या चौघी धिंगाणा घालतात, आणि सायक्लॉप्स, एमा फ्रॉस्ट, सेबॅस्टियन शॉ या तिघांना हात चोळत बसायला लावतात. सगळ्यांनी हा अंक विनोदी म्हणून बाजूला टाकला होता, मीसुद्धा त्यावर फार काही लिहिलं नसतं. द्राक्षबागाईतदाराचं मत असं: या खंडात क्राकोआला खराखुरा धोका कोणाकडून असेल तर याच बायकांकडून. औषधांवर राष्ट्र उभं, औषधं एका फुलावर उभी, आणि त्या फुलाची नस या चौघींना कळलेली. “आपलं एकच पीक असलं ना, की मग शत्रू बंदूक घेऊन येत नाही, ताई.” पिवळ्या बोटांबद्दल त्याने आपणहून काही काढलं नाही.

दुसरा खंड मागवला. त्याचा क्रम या वेळी उलटा लावणार आहे. सातव्या अंकात ज्या म्यूटंटांची शक्ती पूर्वी हिरावली गेली होती, त्यांना ती परत हवी असेल तर अपोकॅलिप्सशी भर सभेत लढून मरावं लागतं, मग अंड्यातून शक्तीसकट परत. आणि नाइटक्रॉलर, सगळ्यांत श्रद्धाळू, तिथे उभा राहून विचारात पडतो. तो अंक आधी पंचवटीत जायला हवा, पितृपक्ष संपून मित्राला जरा फुरसत झाली की लगेच. मग काका. भाचीने मात्र आत्ताच नंबर लावलाय आणि दोनच प्रश्न पाठवलेत: टीम आहे का, आणि कोणी मरतं का. दुसऱ्याला ‘हो’ म्हणून कळवलं.